डबा आणि पाउच

तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. महिन्याची सुरुवात, संध्याकाळची वेळ, सुदामा नगरातलं आमचं नेहमीचं किराणा दुकान, मी यादी वाचतेय आणि दुकानातला नवीन पोरगा एकेक वस्तू काउंटरवर आणून आपटतोय. पोहे पाच किलो (इंदूरमधे त्याच्या खाली पोहे घेतले तर घरात कुणी आजारी आहे का असं विचारतात), साखर, तूरडाळ, चहा आणि सोयाबीन तेलाचा पंधरा लिटरचा डबा. सेठनी कॅल्क्युलेटर बडवत सांगितलं, "भाभीजी, डब्बे पे आपको होलसेल का रेट लगाया है, पोहे पे भी कम किया." मी सवयीने म्हटलं, "और साबुन पे?" त्यावर ते हसले आणि मागच्या फळीवरून स्टीलचा एक चमचा काढून सामानात टाकला. माझ्या शेजारी एक बाई उभी होती. माझी यादी संपेपर्यंत तिला थांबायला लागलं, ते तिने फार मनावर घेतलेलं दिसत नव्हतं. मग तिने तेलाचा छोटा पाउच मागितला, तो पाव लिटरच्याही आतला, चहापत्तीची दहाची पुडी आणि पाव किलो साखर. छापील भावाने पैसे दिले, दोन रुपये सुटे नव्हते म्हणून सेठनी एक चॉकलेट दिलं, ते तिने पदराच्या टोकाला बांधलं आणि गेली.

रात्री खर्च लिहायला बसले. ही माझी जुनी सवय, वही समोर घेतली की दिवस संपला असं वाटतं. तेल लिहिताना उगाच मनात आलं म्हणून लिटरमागे काय पडलं ते काढलं, आणि मग तिच्या पाउचचंही काढलं, किंमत ऐकली होतीच. तिचं तेल माझ्यापेक्षा लिटरमागे पंधरा-वीस रुपयांनी महाग पडत होतं. साखरेत किलोमागे थोडा फरक, चहात तर विचारूच नका. म्हणजे त्या काउंटरवर आम्ही दोघी उभ्या होतो, दोघींमधे जिला सवलत जास्त लागली असती तिने पूर्ण पैसे मोजले, आणि चमचा मला मिळाला. वही बंद केली तरी ते डोक्यातून जाईना.

आम्ही गरीब नाही, हे आधीच सांगून टाकते. स्वतःचं जुनं घर आहे, वर एक खोली भाड्याने दिलेली आहे. पण नवऱ्याच्या कंपनीने इंदूरचं ऑफिस गुंडाळलं तेव्हापासून हात आखडता झालाय तो झालाय. आता तो पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत जातो, पगार पूर्वीच्या मानाने बराच कमी, जायला-यायला वेळ आणि पेट्रोल वेगळं. मी दोन-तीन दुकानांचे हिशोब आणि जीएसटीचे रिटर्न भरून देते, लेक कॉलेजात, सासूबाईंची औषधं. औषधांचं एक बरं झालं, डॉक्टरांना विचारून बीपीच्या गोळ्या जनऔषधीतून आणायला लागलो, तीच गोळी, निम्म्याहून कमी पैशात. सासूबाईंचा मात्र अजून विश्वास नाही. "एवढी स्वस्त म्हणजे अर्धीच भरली असेल," म्हणतात आणि ती गोळी घेताना चेहरा असा करतात की बीपी तिथेच वाढावं.

तर या सगळ्यामुळे मी मोबाइलवर 'पैसे कसे वाचवाल' टाइपचं बरंच वाचते. बाहेरची कॉफी बंद करा म्हणतात. आम्ही बाहेरची कॉफी पितच नव्हतो. घाऊक घ्या, सीझनमधे वर्षाचं भरून ठेवा, ऑफर लागली की दोन घ्या. सगळं बरोबर आहे, मी तेच करते आणि वाचतातही पैसे. फक्त त्यात एक गोष्ट कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या खिशात ती आधीपासून असते.

स्वस्तात घ्यायला आधी एकगठ्ठा पैसे लागतात.

माझं माहेर रामबागेतलं. परीक्षा संपल्या की एप्रिलच्या शेवटी बाबा छावणीच्या मंडीत गहू बघायला जायचे आणि मला बरोबर न्यायचे. मंडीत पाय ठेवला की आधी नाकात धूळ, मग घशात धूळ, मग तो कोरडा गोडसर वास, नव्या गव्हाचा, पोत्यांच्या तागाचा आणि हमालांच्या घामाचा मिळून एक. बाबा प्रत्येक ढिगात हात कोपरापर्यंत घालायचे. एवढं आत काय बघता विचारलं तर म्हणायचे, वरचा गहू सगळ्यांचा चांगलाच असतो. मग मूठभर तळहातावर घेऊन फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे, चेहरा काहीच सांगणार नाही असा ठेवायचा आणि पुढच्या ढिगाकडे जायचं, म्हणजे भाव उतरतो. शरबतीच्या ढिगापाशी आम्ही नुसतं उभं राहायचो. घ्यायचो लोकवन. शेवटी हातगाडीवर पोती घरी यायची आणि आईचा पुढचा आठवडा त्यात जायचा. गच्चीवर चादरी पसरून गहू वाळवणं, चाळणं, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घालणं, पत्र्याची कोठी भरून झाकणाला कापड बांधणं. तूरडाळीला एरंडेल चोळायचं काम आमच्याकडे, त्या दिवसांत घरातल्या सगळ्या बायकांचे तळवे मऊ आणि दाराच्या कड्या तेलकट.

हे सगळं मला इतकी वर्षं आईच्या कष्टाचं आणि बाबांच्या पारखीचं वाटत आलं. ते होतंच. पण परवा वही समोर घेऊन बसल्यावर एक गोष्ट आठवली, जी तेव्हा घरात उल्लेखापुरती असायची. बाबा सरकारी ऑफिसात कारकून होते आणि त्यांना गहू भरायला 'अनाज अग्रिम' मिळायचा. बिनव्याजी. तो मग वर्षभर पगारातून थोडा थोडा कापला जायचा. मार्च संपता संपता आई विचारायची, "अग्रिमचं काय झालं?" आणि त्या एका कागदावर आमचं वर्षाचं गव्हाचं गणित उभं असायचं. नाहीतर त्या पगारात एका दमात पोती कुठून आली असती. आमच्या घरच्या काटकसरीचं पाहुण्यांत जे कौतुक व्हायचं, त्यात त्या कागदाचं नाव कधी निघालं नाही.

सासरचं याच्या उलट. सासरे इथल्याच एका कपड्याच्या मिलमधे होते. अग्रिम वगैरे काही नाही, पगाराची तारीख हीच काय ती. सासूबाई सांगतात, दुकानात खातं होतं, लाल बासनातली लांबट वही. लागेल तसं आणायचं, दुकानदार लिहून ठेवणार, पगार झाला की चुकता करायचा. ऐकायला सोय वाटते. पण उधारी ज्याची त्याच्याच दुकानात जायचं, तो लावेल तो भाव द्यायचा आणि डाळीत खडे निघाले तरी तोंड उघडायचं नाही, कारण मागचे पैसे बाकी असायचे. "दुसऱ्या दुकानात साखर स्वस्त आहे हे दिसायचं ना, पण पाय तिकडे वळवायची सोय नव्हती," हे त्यांचं वाक्य. त्या काळच्या भावांपेक्षा त्यांना ही न वळणारी पावलं जास्त लक्षात आहेत.

मग मिल बंद पडल्या. एकामागून एक. हुकुमचंद मिलचं तर सगळ्या देशाने वाचलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलेली ती मिल आणि कामगारांच्या हक्काचे पैसे सुटले २५ डिसेंबर २०२३ ला, २२४ कोटी, साधारण ४८०० कामगारांचे. कितीतरी जण तोवर गेले होते, पैसे घ्यायला मागे बायका नाहीतर मुलंच उरली होती. आमच्या घरी त्या दिवशी टीव्ही लावलेला होता. सासूबाईंचा त्या मिलशी संबंध नाही, पण शेवटपर्यंत बसून होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "आता काय करणार ते या पैशाचं? गहू तर त्या वर्षी भरायचा होता." मी काही बोलले नाही. आत जाऊन कुकर लावला.

लाइटच्या बिलाची गंमत वेगळीच. मध्य प्रदेशात घरगुती विजेला सवलत आहे, महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलात तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये. एक युनिट वर गेलं की सवलत संपली, सगळं बिल साध्या दराने. त्यामुळे उन्हाळ्यात अर्धं इंदूर मीटरकडे बघत असतं. मला आठवतंय, वरची खोली भाड्याने द्यायच्या आधी आम्हीही हा खेळ खेळायचो. रीडिंगची तारीख जवळ आली की कूलर फक्त रात्री, इस्त्री पुढच्या आठवड्यात, आणि लेक मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, "आज चार". बिल सवलतीतलं आलं की नवरा ते फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवायचा.

आता वर दोन मुलं राहतात, एमपीपीएससीची, म्हणजे राज्याच्या लोकसेवा परीक्षेची, तयारी करतात, एक धारचा आणि एक खंडव्याकडचा. फार गुणी मुलं, चपला रांगेत काढतात. पण मीटर एकच, त्यांना सबमीटर. म्हणजे खाली आम्ही आणि वर ते मिळून दीडशेच्या पार, सवलत गेली, आणि मी त्यांच्याकडून युनिटमागे ठरलेला दर घेते, जसा इथे सगळे घरमालक घेतात. एकदा हिशोब केला तर दिसलं, त्यांचं त्यांचं वेगळं मीटर असतं तर त्यांचं बिल शंभरच्या आसपास आलं असतं. म्हणजे काय, सवलत कमी वीज वापरणाऱ्यासाठी आहे, आणि घरात सगळ्यात कमी वीज वापरणारी ही दोन मुलं, एक ट्यूबलाइट, एक पंखा, एक इंडक्शन, ती पूर्ण दर भरतात. मी त्यातल्या एकाला हे सांगितलंही. तो म्हणाला, "आंटी, किराएदार के नाम से योजना नहीं आती," आणि हसला. ही मुलं योजनांचा अभ्यास करतात, त्यांना परीक्षेला येतं ते सगळं. दुसरं मीटर घ्यायचं तर वायरिंग वेगळं, अर्ज, फेऱ्या, डिपॉझिट. म्हणजे पुन्हा आधी पैसे. नवरा म्हणतो, "उद्या ते खोली सोडून गेले तर?" मला त्यांचं वाईट वाटतं आणि दर महिन्याला सबमीटर बघून पैसेही घेते. दोन्ही खरं आहे.

आणि हे फक्त घरांचं नाही बरं का. आपल्या महापालिकेचंही लाइटच्या बिलाने कंबरडं मोडलेलं होतं. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर, तेही चढावर, ढकलत आणायचं म्हणजे पंपांची वीज केवढी लागत असेल. तर पालिकेने २०२३ मधे ग्रीन बाँड काढून २४४ कोटी उभे केले, जलूदलाच ६० मेगावॉटचा सोलर प्लांट टाकायला. ही बातमी वाचून मला फार आपलंसं वाटलं होतं. बिल कमी करायचंय, त्यासाठी आधी पैसे हवेत, पैसे नाहीत, मग चार लोकांकडून गोळा करा. फरक एवढाच की मी बाँड काढले तर कोण घेणार.

या सगळ्याला एक सणसणीत अपवाद आहे, शाम्पू. शाम्पूची रुपयाची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, करून बघा हिशोब, एका पुडीत पाच-सहा मिली असतं, तेवढ्या बाटलीभर पुड्या घेतल्या तर बाटलीच्या निम्मेही पैसे होत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू-साबण-टूथपेस्टवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला, पण रुपयाच्या पुडीची किंमत अजून किती खाली आणणार. तेव्हा आमच्याकडे पुड्यांची माळ खिळ्याला लटकलेली असते आणि पाहुणे आले की लेक ती लपवतो, त्याला लाज वाटते. मी म्हणते, अरे आपण इथे पैसे वाचवतोय. तो म्हणतो, आई, पण दिसतं तसं नाही ना. खरंय, पुडी म्हटली की समोरच्याला अडचणच दिसते, तुमचं गणित कुणी विचारत नाही.

तेलाचं गणित मात्र त्याच्या उलट फसवं. एक लिटर सोया तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले दोन पाउच सारखेच फुगलेले दिसतात, एकावर ९१० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ८०० च्या आसपास काहीतरी, आणि दुसरा दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त म्हणून लोक तो उचलतात. हल्ली पाकिटावर ग्रॅममागे किंवा लिटरमागे किंमत छापतात, पण इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही मला पाकीट ट्यूबलाइटखाली धरावं लागतं. कामावरून थकून आलेल्या कुणी ते कधी वाचायचं?

मिरचीच्या सीझनला मी सियागंजच्या घाऊक बाजारात गेले. घरातल्या मसाल्याची मिरची मी तिथूनच आणते, निमाडची, बेडियाच्या मंडीतून आलेली. गल्लीच्या तोंडाशीच शिंका सुरू होतात, मग डोळे, मग कान का कोण जाणे खाजतात. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर गोण्या घेतलेले हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येतात, आणि मधे एखादा माणूस शांतपणे हळकुंडं निवडत बसलेला. भाव विचारला तर समोरून पहिला प्रश्न, "कितना लेना है?" या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय इथे भाव निघत नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, आधा किलो. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पाच किलो म्हटलं असतं तर बहुतेक स्टूल मिळालं असतं.

आमच्याकडे भांड्याला येतात त्या बाई खरगोनकडच्या. माहेरी थोडी शेती, लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला बरीच वर्षं झाली. मी एकदा भांडी घासता घासता त्यांना विचारलंच, माझं मराठी-हिंदी मिक्स, त्यांचं निमाडी-हिंदी मिक्स. म्हटलं, तुम्ही चार-पाच जणी मिळून तेलाचा डबा का नाही घेत, वाटून घ्यायचा, किती स्वस्त पडेल. मला मनातून वाटत होतं की मी त्यांना काहीतरी भारी आयडिया देतेय. त्यांनी हातातली कढई पालथी घातली आणि म्हणाल्या, "लिया था दीदी. दिवाली पे पाँच जनी ने मिलके लिया था. बाँटने बैठे तो एक बोले मेरी बॉटल में कम आया, दूसरी बोले तेरी बॉटल ही बड़ी है. दो जनी तो अभी तक आपस में बात नी करतीं." मग जरा थांबून, "और डब्बा घर में दिखे तो देवरानी कटोरी लेके आ जाती है. उसको मना कैसे करूँ? पाउच में झगड़ा नी है."

पाउचमधे भांडण नाही. माझ्या वहीत या गोष्टीला कॉलमच नव्हता. मी त्यांचे लिटरमागे जास्त जाणारे पंधरा-वीस रुपये तेवढे धरत होते, आणि त्या पंधरा-वीस रुपयांत त्यांना जावेशी संबंध टिकवून मिळत होता, शेजारणीशी अबोला टळत होता, आणि घरात पंधरा लिटर दिसलं की फोडणीला हात सैल सुटतो तेही टळत होतं. आता यावरून कुणी म्हणेल की बघा, गरिबांना सगळं कळतं, त्यांचं बरं चाललंय. तसं काही नाही. त्याच बाईंनी पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी ग्रुपवालं लोन घेतलंय, हप्त्याचा माणूस ठरलेल्या दिवशी गल्लीत खुर्ची टाकून बसतो, व्याज चोवीस टक्क्यांच्या आसपास. आमच्या घरात कुणी त्या व्याजाने पैसे घेणार नाही, कारण आम्हाला बँक देते. रेशनचं धान्य फुकट मिळतं हे खरं, सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसेही दहा तारखेच्या आसपास खात्यात येतात, १२५० यायचे ते नोव्हेंबर २०२५ पासून १५०० झाले. ते आले की दोन दिवस बाई जरा मोकळ्या बोलतात. मग पुन्हा गप्प.

आमची स्वतःची बीसी आहे, कॉलनीतल्या बायकांची, महिन्याला दोन हजार, नाव निघेल तिला सगळे. ही बीसी म्हणजे नुसती चहा-फराळ-साड्या असं नवरे समजतात. आमच्यातल्या एकीने त्या पैशात वर्षाचा इन्शुरन्स एकदम भरून हप्त्यांचं जास्तीचं वाचवलं, एकीने मुलाचं लॅपटॉप ईएमआय न लावता घेतलं. मागे एकीकडे साठीशांत होती तर जेवणाची स्टीलची ताटं-वाट्या तिने बर्तन बँकेतून आणली, फुकट, धुऊन परत द्यायची, भाड्याचे पैसे वाचले, आणि वाढपी मुलांना ताटं मोजून घ्यायचं काम मात्र आमच्या ग्रुपने केलं. मी बीसीत विषय काढला होता, कामाला येणाऱ्या बायकांना यात घ्यायचं का, कमी रकमेची वेगळी काढून. क्षणभर कुणीच बोललं नाही, मग एक म्हणाली, "हप्ता चुकला तर आपण त्यांना म्हणणार काय?" आणि दुसरी म्हणाली, "मग सुट्टी घेतली तर बोलताही येणार नाही." दोन्ही मुद्दे मला पटले, हेच वाईट.

एप्रिलमधे बीसी माझ्या नावाची निघाली. नवरा म्हणाला, थोडे बाजूला टाक, पण मी आधी गव्हाचं बघितलं. हल्ली मी पूर्णा घेते, ही जात आपल्या इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातली, पोळी मऊ राहते आणि शरबतीसारखा खिसा रिकामा करत नाही. फोनवर ऑर्डर देत होते, बाई ओटा पुसत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "दीदी, मेरे लिए भी एक कट्टा डलवा दो. जेठ के यहाँ शादी है, मेहमान आएँगे, राशन का तो पूरेगा नी. हर महीने पगार में से काट लेना."

मला एकदम मार्चअखेरची आई दिसली. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, बघ हं, पैशात घेणंदेणं आलं की कामाचं नातं बिघडतं, उद्या कामावर आल्या नाहीत तर तू मनात म्हणशील, पैसे घेऊन बसल्या. त्याचंही चूक नाही, मी म्हणेनच. व्याज घेणार नाही हे मी ठरवलं होतं, पण किती महिन्यांत कापायचे, दिवाळीचा बोनस त्यात धरायचा का, मधेच काम सोडलं तर काय, असे सगळे सावकारी प्रश्न मला बरोब्बर एकापाठोपाठ सुचत गेले, हिशोबाचं काम करण्याचा दोष. शेवटी दुकानदाराला परत फोन केला आणि एक कट्टा वाढवला. तीन कट्ट्यांवर त्याने किलोमागे अजून थोडा भाव तोडला.

कट्टे आले ते नेमके सकाळी बाई घरात असताना. टेम्पोवाल्या पोराने ते पोर्चमधे भिंतीला लावले, कागद पुढे केला आणि सहीसाठी पेन काढला. मी सही करणार तेवढ्यात बाई ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या, एका कट्ट्याचं तोंड उसवलं आणि हात कोपरापर्यंत आत. खालची मूठ वर काढली, तळहातावर पसरली, उन्हात धरली. वास घेतला. दोन दाणे दाताखाली फोडले आणि एक बाहेर थुंकला.

"इसमें पिछले साल का मिला है दीदी. रंग देखो. ये नी लेना."

पोरगा म्हणाला, "अरे आंटी, एक नंबर माल है, मशीन क्लीन है." बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाल्या, "सेठ को फोन लगाओ," आणि दुसऱ्या कट्ट्याकडे वळल्या, जो माझा होता. "आपका वाला भी खोल के देखती हूँ." पोरगा पेन परत खिशात ठेवत टेम्पोच्या पायरीवर बसला आणि मी आत मोबाइल शोधायला गेले.